सोमारीबाईच्या वाट्याचा नवा भात

बातमीला पान लागते. जिल्हा कार्यालयात बसणाऱ्या बातमीदाराचे अर्धे काम बातमी लिहिण्याचे आणि उरलेले अर्धे ती कुठल्या पानाची आहे हे डेस्कला पटवण्याचे. वाघाने गुराखी मारला तर पहिले पान. सिरोंच्याकडे गोदावरी चढली, रस्ता बंद झाला तर तालुक्याचे पान. कोणी चित्रे काढली, मूर्ती घडवली तर रविवारची पुरवणी, तीही जागा उरली तर. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे मी नोकरीभर याच हिशेबाने पाहिले. एक बातमी मात्र अशी राहिली की तिचे पान निवृत्तीनंतरही ठरलेले नाही. दिवाळी अंकात हा प्रश्न येत नाही, म्हणून ती इथे लिहितो.

त्याआधी धंद्यातला एक नियम सांगायला हवा. कोणाच्याही नावामागे 'मयत' लिहिण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करून घ्यायची. हा नियम आम्हाला राजुऱ्याकडच्या एका गृहस्थामुळे कळला. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत त्याच्या थोरल्या भावाच्या जागी त्याचाच फोटो छापला गेला. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात येऊन बसला. तक्रार केली नाही, चहा मागितला. आम्ही दुरुस्ती छापली. काही दिवसांनी तो पुन्हा आला आणि म्हणाला, "मी जिता आहो हे पेपरात आलं, बराबर आलं. पण माही मावशी मानून नाई राह्यली. थे म्हणते, पयला फोटो मोठा होता."

दुरुस्ती नेहमी लहान टायपात जाते. 

आता मूळ बातमी. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, नाल्यापलीकडे माडिया आदिवासींचे एक गाव आहे. नाव देत नाही. तिथली ललिता आश्रमशाळेत शिकली, पुढे नागपुरात शिल्पकला शिकली, आणि तिथून तिला काही महिने इटलीत राहून काम करण्याची संधी मिळाली. तेव्हाची बातमी मीच केली होती, तालुक्याच्या पानावर. ती तिकडे असतानाच तिचे वडील मासा वारले. गावाच्या रीतीप्रमाणे त्यांच्या नावाचा दगड वाटेच्या कडेला, आधीच्या दगडांच्या रांगेत उभा केला गेला. ललिताला त्याचा फोटो मोबाइलवर मिळाला.

परत आल्यावर तिने भद्रावतीकडच्या एका कुंभाराच्या भट्टीवर काम सुरू केले. मी बघायला गेलो, तेव्हा तिने मला एट्रुस्कन लोकांबद्दल सांगितले. मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. रोमचा जम बसण्याआधी इटलीच्या मधल्या भागात हे लोक राहत. त्यांची अक्षरे वाचता येतात, भाषा मात्र थोडीच कळते. घरे लाकडामातीची होती, ती गेली. थडगी दगडात खोदलेली, ती उरली. थडग्यांच्या भिंतींवर पंगती रंगवलेल्या आहेत. माणसे पलंगावर कोपर टेकून जेवताहेत, शेजारी कोणी बासरी वाजवतो आहे, कोणी नाचतो आहे. काही शवपेट्या मातीच्या आहेत. त्यांच्या झाकणावर नवरा-बायको शेजारी शेजारी रेललेले, हसरे, हात पुढे केलेले. त्या हातांत पूर्वी काहीतरी होते. ते पडून गेले. काय होते याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

मी विचारले, हे जेवण मरणाआधीचे की नंतरचे?

तिने सांगितले की तेही नक्की नाही. कोणी म्हणतात परलोकातली पंगत, कोणी म्हणतात मागे राहिलेल्यांनी मेलेल्यासोबत केलेले शेवटचे जेवण. मी टिपणात प्रश्नचिन्ह टाकले आणि पुढचा प्रश्न विचारला. बातमीदाराला सवय असते.

ललिताने त्याच बांधणीवर आपले आईवडील घडवले होते. मासा कोपरावर रेललेला, त्याला लागून सोमारीबाई. बदामी डोळे आणि ओठांवरचे हसू तिकडचे होते, पण बाईच्या हातावर आईचेच गोंदण होते, अंबाड्यात आईच्याच फणीचा आकार होता. दोघांचेही हात पुढे आणि तळवे रिकामे. पलंगाच्या एका अंगाला मशाल घेतलेली पंखवाली बाई कोरली होती आणि दुसऱ्या अंगाला निळा रंग दिलेला, हातोडा खांद्यावर घेतलेला माणूस. एट्रुस्कन कथांत मेलेल्याला न्यायला येणारे हे दोघे. कुंभाराची भट्टी लहान, म्हणून सगळे चार तुकड्यांत भाजले. दोघांची कमरेवरची धडे वेगळी आणि पांघरुणाखालच्या पायांसकट पलंगाचे दोन भाग वेगळे. जोडले की सांधा सहज दिसत नसे.

पावसाळा सरल्यावर नागपुरात प्रदर्शन होते. त्याआधी आईला एकदा दाखवायचे म्हणून तिने शिल्प गाडीत घालून गावाकडे नेले. नाल्याला पाणी होते. गाडी अलीकडेच थांबली. उंच आणि कोरडी जागा एकच होती, दगडांच्या रांगेच्या शेवटी, मासाच्या दगडाशेजारी. शिल्प तिथे उतरवून जोडले. चालक म्हणाला, रस्ता सुकला की परत येतो.

मी त्या दिवशी सोबत होतो. नाल्यातून माणसे चालत आली. सोमारीबाई शिल्पाभोवती फिरली, नवऱ्याच्या नाकाला हात लावला, मग स्वतःच्या. ती घरी माडिया बोलते, मराठी बाजारापुरती. मला म्हणाली, "पेपरवाले भाऊ, बुढा इतका हासत नव्हता जी." निळ्या माणसापाशी गर्दी जास्त होती. हातोडा घेतलेला हा कोण यावर फार चर्चा झाली नाही. झाडांवर हातोड्याने खूण मारत फिरणारा जंगलखात्याचा गार्ड सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ललिताने समजावून पाहिले आणि मग सोडून दिले.

मी बातमी आणि फोटो पाठवले. बातमी रविवारसाठी ठेवली गेली. फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी गेला, कारण आतल्या पानावरची एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि जागा मोकळी झाली. वृत्तपत्रात असे रोज होते. रिकामी जागा राहू द्यायची नसते. फोटोखालची ओळ ज्याने लिहिली त्याने बातमी पाहिली नव्हती. त्याला दिसले ते असे: जंगल, उभे जुने दगड, शेजारी मातीची जोडी. त्याने लिहिले, प्राचीन युगुलमूर्ती आढळली.

लोक येऊ लागले. मोटारसायकली नाल्यापर्यंत लागल्या. कोणी हळदकुंकू वाहिले, कोणी निळ्या माणसाला शनी म्हटले. महसूलचा एक कर्मचारी आला, पंचनामा केला आणि खात्री होईपर्यंत मूर्ती हलवायची नाही असे सांगून गेला. ललिता त्याला म्हणत राहिली की ही मी केली, याच वर्षी केली. त्याने विचारले, "पेपरात तसं काऊन नाई?" आम्ही दुरुस्ती छापली, लहान टायपात. रविवारी पूर्ण बातमीही आली. परवानगीचा कागद मात्र त्याच्या चालीने फिरत राहिला, आणि मूर्ती होती तिथेच उभी राहिली. तेवढ्यात गावात हलके, म्हणजे लवकर पिकणारे धान कापणीला आले.

नवे धान आल्यावर या गावात पहिला वाटा पूर्वजांचा. त्या दिवशी नवा भात शिजतो, पळसाच्या पानावर घरच्या मेलेल्यांच्या दगडांपुढे ठेवला जातो, नाव घेतले जाते, मग जिवंत माणसे जेवतात. मी या गावातले सांगतो, सगळीकडे असेच असेल असे नाही. मासाच्या घरचा मान त्याच्या धाकट्या भावाचा, रैनूचा. तो पाने घेऊन रांगेने निघाला. आजोबा झाले, आजी झाली, मासाचा दगड झाला. पुढे मूर्ती. मासा तिथे पुन्हा होता आणि हात पुढे करून होता. रैनूने त्याच्या तळव्यावर भात ठेवला, नाव घेतले. शेजारी वहिनी, गोंदणासकट, तीही हात पुढे करून. रैनूने तिच्याही तळव्यावर भात ठेवला आणि नाव घेतले.

ललिताचा मला फोन आला. ती म्हणाली, "भाऊ, आई नवा भात खाऊन नाई राह्यली."

दिवाळी अंकाच्या वाचकाला इथे वाटेल की गैरसमज झाला, तो दूर करावा, बाईने जेवावे. मलाही तसेच वाटले होते. गावात गेल्यावर कळले की यात गैरसमज नव्हता. मूर्ती मातीची आहे, ललिताने केली आहे, सोमारीबाई जिवंत आहे, हे सगळ्यांना माहीत होते. अडचण वेगळी होती. वाटा दगडांपाशी दिला गेला होता, नाव घेऊन दिला गेला होता, आणि एका माणसाला दोन्हीकडचा वाटा मिळत नाही. मेलेल्यांचा वाटा मिळाला, तर जित्यांचा कसा घ्यायचा? घेतला, तर तिकडचे काय म्हणतील? बाईला कोणी मनाई केली नव्हती. तिनेच पान बाजूला सारले होते. स्वतःच्या वावरातले धान घरात भरलेले आणि ती रेशनचा तांदूळ शिजवून खात होती. रेशनच्या तांदळाला पूर्वजांचा वाटा लागत नाही.

तोवर वाहतुकीची परवानगी आली होती, गाडीही सांगून झाली होती. पण आई जेवल्याशिवाय मूर्ती हलवायला ललिता तयार नव्हती.

मी रैनूला विचारले, वहिनी जिवंत असताना तिच्या नावाने वाटा का ठेवला? तो चिडला नाही. म्हणाला, "हात पुढं करून बसली होती जी. हात पुढं केलेल्या माणसाले टाळून मी पुढं कसा जाऊ?" थोड्या वेळाने म्हणाला, "आन् टाळलं असतं तर तुम्हीच इचारलं असतं, काऊन टाळलं म्हणून."

गायत्याला बोलावले. गायता म्हणजे गावाच्या जमिनीची आणि सणांची पूजा ज्याच्याकडे असते तो. या गावचा गायता कोमटी. तो उन्हे कलल्यावर आला आणि मूर्तीपुढे उकिडवा बसला. मला वाटले, आता नियम सांगेल. तो म्हणाला, त्याला माहीत नाही. त्याच्या बापाच्या काळात असे झाले नाही, आज्याच्या काळातले ऐकले नाही. मेलेल्याचा वाटा चुकल्याचे ऐकले होते, त्याला उपाय आहे. जित्याला मेलेल्याचा वाटा मिळाल्याचे ऐकले नव्हते.

मग सगळेच बोलू लागले. एकाचे म्हणणे, मातीच्या बाईचे धड फोडून टाका, मिटले. ललिता मूर्तीला पाठ लावून उभी राहिली. दुसऱ्याचे म्हणणे, फोडले तर घडवलेले माणूस मारल्यासारखे होईल आणि मग बाईचे खरेच काय होईल कोण सांगणार. रैनूची बायको हसत म्हणाली, मरणाचे जेवण आत्ताच देऊन टाका, बुढीला स्वतःच्या जेवणाला बसता येईल, पुढचा खर्च वाचेल. सोमारीबाईने तिला माडियात काहीतरी सुनावले. सगळे हसले. ललिताने भाषांतर केले नाही.

मधल्या वेळात ललिताने गायत्याला सांगितले की एट्रुस्कन लोकांचेही असे अडे. तेव्हा ते बकऱ्या-मेंढ्याचे यकृत काढून पाहत. त्याचे भाग ठरलेले असत, भागाभागाचे देव ठरलेले. ते शिकवायला म्हणून काशाचे एक यकृतही केलेले सापडले आहे, त्यावर देवांची नावे कोरलेली. गायत्याने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "म्हणजे कलेजी?"

"होय."

"कलेजी खायची चीज आहे. वाचाची कायले?"

तो स्वतः धानाचे दाणे टाकून पाहतो. मूठभर दाणे जमिनीवर टाकायचे, दोन दोन करून बाजूला काढायचे. शेवटी काही उरले नाही तर होकार, एक उरला तर नकार.

निकाल निघेना तेव्हा सोमारीबाई उठली. मूर्तीच्या कमरेपाशी बोट फिरवले आणि ललिताला विचारले, हे एक आहे की दोन? ललिताने सांधा दाखवला. बाई गायत्याला मराठीत म्हणाली, बहुधा मलाही कळावे म्हणून, "हे काढा. मी बसतो तिथी. मले जे द्याचं थे माह्या हातात द्या."

गायत्याने मान हलवली. ती होकाराची होती की विचाराची, मला सांगता येणार नाही.

रैनू, मी आणि आणखी दोघांनी मातीच्या सोमारीबाईचे धड उचलून गवतावर ठेवले. ललिताला काळजी पलंगाची होती. भाजलेली माती माणसाचे वजन पेलते की नाही हे तिने कधी पाहिले नव्हते. खाली दगड सारून टेका दिला. सोमारीबाई रिकाम्या जागेवर बसली, मातीच्या नवऱ्याच्या छातीशी पाठ लागेल अशी. पलंगावर तिचे मातीचे पाय तसेच होते, पांघरुणाखाली. तिचे खरे पाय बाहेर लोंबत होते. रैनूची बायको म्हणाली, "बाई, तुले चार पाय झाले. आता दूध सोसायटीत नाव लाव, चारा भेटन." बाईने दुर्लक्ष केले आणि हात पुढे केला, मूर्तीने केला होता तसाच.

रैनूने नव्या भाताचे पान आणले. तळव्यावर भात ठेवला आणि थांबला. नाव घ्यायचे की नाही हे त्याला कळेना. त्याने गायत्याकडे पाहिले. गायत्याने ललिताकडे पाहिले, ललिताने माझ्याकडे. आमच्या धंद्यात अशा वेळी दोन माणसांना विचारतात. विचारायला कोणी उरले नव्हते.

शेवटी रैनू म्हणाला, "वहिनी, तू आहेस न?"

"आहो," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला.

गायत्याने दाणे टाकले. एक उरला. पुन्हा टाकले. एकही उरला नाही. कोणीतरी म्हणाले, तिसऱ्यांदा टाका. तो दाणे गोळा करत म्हणाला, "दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारनं बरं नाई, इचारनारा मूर्ख वाटते." तोवर सोमारीबाई दुसऱ्या घासावर होती. गायता तिला म्हणाला, खा, काय होते ते पाहू. आणखी एक सांगितले: उचललेले धड पुन्हा त्या जागी बसवायचे नाही. तिची वेळ येईल तेव्हा बसवावे.

मी त्या संध्याकाळी बातमी लिहिली. काय झाले हे चार ओळींत लिहिता येईना, आठ ओळींत लिहिले तर खोटे वाटे. डेस्कवरून विचारणा झाली, बातमी कला विभागाची की अंधश्रद्धेची? मी सांगितले, मला माहीत नाही. पुढचा प्रश्न आला, बाईंच्या नावामागे काय लावायचे? मी सांगितले, काही लावू नका. ती बातमी छापली गेली नाही. जागा नव्हती, असे कळले.

प्रदर्शनाला तीन तुकडे गेले. मी नागपूरला जाऊन आलो. पांढऱ्या भिंतीच्या दालनात मासा एकटा रेललेला, हसरा, शेजारी रिकामी जागा आणि पांघरुणाखाली कोणाचे तरी पाय. लोक तिथे बराच वेळ थांबत. एक बाई म्हणाल्या, ही स्त्रीची अनुपस्थिती आहे. एका प्राध्यापकांनी त्यात विस्थापन पाहिले. एका समीक्षकाने मला सांगितले की अर्धे शिल्प न करण्याचे धाडस मोठे आहे. ललिता कोपऱ्यात उभी होती. ती कोणाला खोडून काढत नव्हती. मी तिला विचारले, खरे का सांगत नाहीस? ती म्हणाली, "कोणतं खरं सांगू, भाऊ? गायत्याचे दाणे दोन तऱ्हेचे पडले."

प्रदर्शन संपल्यावर मासा गावी परतला आणि आपल्या दगडाशेजारी बसला. मातीची सोमारीबाई घराच्या ओसरीत आहे, भिंतीला टेकून. पुढे केलेल्या हातावर बाई दुपट्टा वाळत घालते, कधी छत्री अडकवते. मी विचारले, रोज स्वतःचे तोंड पाहून कसे वाटते? ती म्हणाली की सवय झाली. हात मात्र कामाचा आहे.

गेल्या भाद्रपदात मी नव्या भाताच्या दिवशी मुद्दाम गेलो. रैनू पाने घेऊन निघाला. आजोबा, आजी, मासाचा दगड, मग मातीचा मासा. शेजारच्या रिकाम्या जागेपाशी तो थांबला. त्याने पान ठेवले नाही आणि पुढेही गेला नाही. घराच्या दिशेने तोंड केले आणि नाल्यापलीकडे ऐकू जाईल अशी वहिनीला हाक मारली. गावातले लोक सांगतात की आता दर वर्षी तो असाच थांबतो. हे कोणी ठरवले, केव्हा ठरवले, रैनूला सांगता येत नाही.

पलीकडून उत्तर यायला थोडा वेळ लागला. ती बहुतेक चुलीपाशी असावी. रैनू पान हातात धरून उभा राहिला. मग आवाज आला, "आहो." त्याने रिकाम्या जागेचे पान पुन्हा टोपलीत ठेवले आणि ते तिला जेवायला घरी घेऊन गेला.